अकोल्याहून धारणीला : एका बाळंतपणाची वाट



अकोल्याच्या स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला "जिल्हा स्त्री रुग्णालयात चला" म्हणालात, तर तो एकदा मागे वळून पाहील. "लेडी हार्डिंगला चल बापा" म्हणालात, की लगेच गाडी काढील. अमरावतीतही तीच गत. तिथल्या स्त्री रुग्णालयाला लोक अजून 'डफरीन'च म्हणतात. दोन व्हाइसरॉयांच्या दोन बायका. त्यांची नावे आपल्या वऱ्हाडात बाळंतिणींच्या तोंडी राहिली. त्यातल्या लेडी डफरीन यांनी १८८५ साली एक निधी उभारला. पुरुष डॉक्टरपुढे ज्या बाईला जाता येत नाही, तिला बाई डॉक्टर, नर्स आणि शिकलेली सुईण मिळावी, हा त्याचा हेतू. आमच्या आजीला ते नाव नीट उच्चारता येत नसे. ती 'डपरिन' म्हणे, आणि तेही एकाच वाक्यात : "बाई अडली, डपरिनले न्या."

'अडली' हा आपला शब्द पाहा. नदी अडते, गाडी अडते, तशी बाळंतीण अडते. मूल आहे, वाट आहे, पण मूल वाटेतून येत नाही. मग वाट लहान की मूल मोठे, यावर बायका बसून खल करतात. या खलातूनच माझा हा प्रवास घडला, म्हणून तो तुम्हाला सांगते.

माझे माहेर अकोट तालुक्यातले. भावाची धाकटी मुलगी पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. पोर चणीने लहान, चार फूट दहा इंच. सातव्या महिन्यात तिला एका गावच्या खासगी दवाखान्यात दाखवले. तिथल्या डॉक्टरांनी तिला उभे केले, एकदा वरून खाली पाहिले आणि सांगितले, "हाडाचा सापळा लहान आहे. हिला नैसर्गिक बाळंतपण जमायचे नाही. तारीख घेऊन ठेवा, पैशाची सोय करा." बस, एवढेच. भाऊ घरी आला तो तुरीचा हिशेब करतच. वहिनीने पोरीच्या ताटातली अर्धी भाकर काढून घेतली. कशासाठी? तर मूल पोटात फार वाढू नये! आणि पोरगी कोपऱ्यात बसून मला म्हणाली, "आत्या, माह्यातच काही कमी हाये का?"

मी डॉक्टर नाही. शाळेत मास्तरीण होते. पण माझी एक बालमैत्रीण आहे, तीस वर्षे मेळघाटात नर्सबाई म्हणून राबली आणि निवृत्त झाल्यावर धारणीलाच राहिली. तिने किती बाळंतपणे केली ते तिलाही आठवत नाही. मी भावाला म्हटले, तारीख घेण्याआधी चार दिवस थांब, मी जाऊन येते.

अकोटहून निघाले तेव्हा सोयाबीन निघाले होते आणि कपाशी फुटू लागली होती. डावीकडे सातपुडा सारखा बरोबर चालत होता, नरनाळ्याचा डोंगर मागे पडला. अंजनगाव सुर्जीला गाडी थांबली. या भागातले पानमळे आणि पानपिंपळी तुम्हाला ठाऊक असेल. त्याच पिंपळीचे मूळ आपण बाळंतिणीच्या लाडवात घालतो. बाळंतपण झाल्यानंतर काय खायचे याचे ज्ञान आपल्या घराघरांत भरलेले आहे. बाळंतपण होताना काय पाहायचे, हे मात्र एकट्या सुईणीला ठाऊक असे. आणि सुईण गेली की ते तिच्याबरोबर गेले.

परतवाडा सोडले की रस्ता घाटाला लागतो. घटांग, सेमाडोह, कोलकास, हरिसाल, धारणी. सिपना नदी वाटेत भेटते, सागाचे जंगल दोन्हीकडून अंगावर येते. वाघासाठी हे जंगल १९७०च्या दशकात राखीव झाले, ते बरेच झाले; पण गाडीत बसून वळणे मोजताना माझ्या मनात एकच येत होते. या वळणांवर रात्री दोन वाजता कळा देणारी बाई असेल तर? अमरावती ते धारणी सुमारे दीडशे किलोमीटर. धारणीच्या पुढेही पाडे आहेत, तापीच्या काठापर्यंत. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी साऱ्या देशात गेली, तेव्हा आपण सपाटीवरच्या लोकांनी हा भाग नकाशावर शोधला होता.

मैत्रिणीच्या ओसरीवर चहा झाला. मी पोरीची उंची, महिना, डॉक्टरांचे बोलणे सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि उठून आतून दोन बांगड्या आणल्या. काचेच्या, हिरव्या.

"हे घाल हातात," म्हणाली.

मी हात पुढे केला. बोटे सरळ, अंगठा बाहेर. बांगडी पंजाला अडली.

"आता सांग, बांगडी लहान हाये का हात मोठा?"

मी हसले. कासाराच्या पुढ्यात बसलेल्या कुठल्याही बाईला उत्तर ठाऊक असते. तिने माझा अंगठा आत दुमडला, बोटे जुळवली, हात जरा तिरपा केला, आणि तीच बांगडी सरकन मनगटात उतरली.

"कासार कधी टेप लावून हात मोजते काय? थो हात दाबून पाह्यते, दुमडते, फिरवते. मंग सांगते."

पुढे ती जे बोलली ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण प्रत्येक घरात ते कळायला हवे.

आपण ज्याला कमरेचे हाड म्हणतो ते एक हाड नाही. दोन बाजूंना दोन मोठी हाडे, मागे पाठीच्या कण्याचे रुंद टोक, त्याखाली माकडहाड, असे मिळून एक कडे होते. सांधे चिवट दोरांनी बांधलेले असतात, आणि गरोदरपणात हे दोर सैल पडतात. म्हणून शेवटच्या महिन्यांत बाईची कंबर दुखते, चाल बदलते. त्याला दुखणे समजू नये. वाट मोकळी होण्याची ती तयारी असते. हे कडे वरच्या तोंडाशी आडवे रुंद असते, साधारण तेरा सेंटिमीटर, आणि खालच्या तोंडाशी पुढून मागे रुंद. म्हणजे बाळाला सरळ खाली येताच येत नाही, येताना वळावे लागते. बाळाच्या डोक्याची हाडे अजून जुळलेली नसतात, टाळू मऊ असते. ती हाडे एकमेकांवर किंचित चढतात आणि डोके वाटेच्या आकाराचे होते. बाळाने हनुवटी छातीला लावली असेल तर डोक्याचा सर्वांत लहान भाग पुढे येतो, साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास. मान ताठ ठेवली तर तेच डोके साडेअकरा भरते. बाळ तेच, आई तीच, फरक दोन सेंटिमीटरांचा. तोच अंगठा आत की बाहेर.

आईच्या बसण्यानेही फरक पडतो. आपल्या आज्या उकिडव्या बसून, वर बांधलेल्या दोराला धरून बाळंत होत. उकिडवे बसल्यावर किंवा हाता-गुडघ्यांवर टेकल्यावर खालचे तोंड काही प्रमाणात रुंदावते. उताणे झोपवले की माकडहाडावर भार येतो आणि त्याला मागे सरकायला जागा उरत नाही. टेबलावर उताणे झोपवण्याची रीत तपासणाऱ्याच्या सोयीची आहे.

"मंग पोरीची हाडं मोजून काही कळत नाही का?" मी विचारले.

फारसे नाही, असे तिचे उत्तर. अनेक वर्षे हात आत घालून, पट्ट्या लावून, क्ष-किरणांनी फोटो काढून ही मोजणी होत असे. १९३३ साली अमेरिकेत कॉल्डवेल आणि मोलॉय या दोघांनी बायकांच्या कमरेच्या कड्यांचे चार प्रकारही ठरवले, ते अजून पुस्तकात शिकवतात. पण मोजून 'अडेल' म्हटलेल्या कितीतरी बायका सुखरूप मोकळ्या झाल्या आणि 'ऐसपैस' म्हटलेल्या अडल्या. क्ष-किरणांचा मोह तर महागात पडला. १९५६ साली इंग्लंडात अॅलिस स्टुअर्ट या डॉक्टर बाईंनी दाखवून दिले, की पोटात असताना ज्या बाळांवर क्ष-किरण पडले त्यांच्यात पुढे रक्ताचा व इतर कर्करोग जास्त आढळतो. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की कळा घेऊन आलेल्या निरोगी बाईच्या कमरेची अशी सरसकट मोजणी करू नये. सोनोग्राफीत बाळाचे वजन सांगतात, त्यातही दहा-पंधरा टक्के इकडे तिकडे होऊ शकते. तीन किलोच्या बाळात ते तीनशे ते साडेचारशे ग्रॅम झाले.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, मग उंचीला काहीच अर्थ नाही? तसे नव्हे. सरकारी नियमात १४० सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उंचीची, म्हणजे सुमारे चार फूट सात इंचांची गरोदर बाई जोखमीची धरतात. काही ठिकाणी १४५ धरतात. तिने घरी किंवा लहान केंद्रात राहू नये, शस्त्रक्रियेची सोय असेल तिथेच बाळंत व्हावे. लहानपणी मुडदूस झालेली, पोलिओने किंवा अपघाताने लंगडणारी, कंबर मोडलेली, आधीचे सिझेरियन झालेली, मूल आडवे किंवा पायाळू असलेली, यांचेही तेच. पण 'जोखमीची' म्हणजे 'चिरायचीच' नव्हे. तिच्याजवळ जास्त जाणत्या माणसाने बसावे, एवढाच त्याचा अर्थ. आमची पोर १४७ सेंटिमीटर भरत होती.

आता एक गोष्ट आपल्या गोठ्यातली. कालवड अंगाने भरल्याशिवाय कुणी शहाणा शेतकरी तिला फळवत नाही. कमी वजनाची कालवड विताना अडते, वासरू जाते, कधी तीही जाते, हे आपण पाहिलेले असते. मुलीच्या बाबतीत मात्र ही अक्कल कुठे जाते? मुलीच्या कमरेचे कडे वयात आल्यावर लगेच पुरे होत नाही. उंची थांबल्यानंतरही ते काही काळ वाढत राहते. १९७८ सालापासून मुलीच्या लग्नाला कायद्याने अठरा वर्षे लागतात. आणि कडे घडते ते तिच्या बाळपणीच्या ताटात : दूध, डाळ, अंडे, भाजी, ऊन. भावाला बहिणीपेक्षा जास्त दूध वाढणाऱ्या आईला हे कुणी सांगत नाही, की वीस वर्षांनी होणाऱ्या बाळंतपणाची वाट ती आज अरुंद करते आहे. आठव्या महिन्यात भाकर काढून घेतल्याने वाट रुंद होत नाही. बाळ अशक्त होते, आईचे रक्त कमी होते, आणि बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी ती टिकत नाही. मी त्याच रात्री वहिनीला फोन लावून अर्धी भाकर परत ठेवायला सांगितली. तिला राग आला, येऊ द्या.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने मला एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात नेले. तिथे एक घरासारखे घर होते. 'माहेरघर' नाव. आदिवासी भागासाठी राज्य सरकारने काढलेली ही योजना आहे. दिवस भरत आलेली बाई चार-पाच दिवस आधी, लहान मूल असेल तर ते घेऊन आणि एका नातलग बाईसह इथे येऊन राहते. जेवण मिळते, मजुरी बुडते म्हणून काही पैसे मिळतात. कळा सुरू झाल्या की अंगण ओलांडले की केंद्र. घाट, पूर, रात्र, यातले काहीच मध्ये येत नाही. इतकी साधी गोष्ट, पण कुणाला सुचायला किती वर्षे लागली!

ओसरीवर एक कोरकू दाई बसली होती, तिच्या सुनेबरोबर आलेली. वय सत्तरच्या घरात. हिंदी आणि आपली बोली मिसळून बोलत होती. तिला मी तोच प्रश्न विचारला : बाईची कंबर लहान आहे हे तू कशी ओळखतेस? ती म्हणाली, "कंबर नाय पाहत मी. मूल खाली सरकते का नाही, ते पाहतो. एक दिवस निघाला, एक रात निघाली, मूल तिथंच, मग समजतो." माझ्या मैत्रिणीने मान डोलावली आणि हळूच म्हणाली, "तिचं पाह्यणं बरोबर हाये. पण एक दिवस न् एक रात, हे लय उशिरा हाये."

इथेच खरा मुद्दा आहे, आणि त्याचे उत्तर आफ्रिकेतून आले आहे. त्या वेळच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, मेळघाटासारखेच होते : दूरवर पसरलेली छोटी केंद्रे, तिथे फक्त सुईणी-नर्सबाई, आणि शस्त्रक्रियेचे रुग्णालय लांब. बाईला केव्हा पुढे पाठवायचे? लवकर पाठवले तर रुग्णालय भरून जाई, उशिरा पाठवले तर बाई वाटेत मरे. फिलपॉट आणि कॅसल या दोन डॉक्टरांनी १९७२ साली एका कागदावर हा प्रश्न सोडवला. आडव्या रेघेवर तास, उभ्या रेघेवर पिशवीचे तोंड किती उघडले ते. त्यावर दोन तिरप्या रेघा, चार तासांच्या अंतराने. बाळंतपणाची खूण पहिल्या रेघेच्या उजवीकडे गेली, की गाडी बोलवा. दुसऱ्या रेघेपर्यंत पोचली, की आता काहीतरी केलेच पाहिजे. चार तास मधले, ते प्रवासासाठी. पुढे हा कागद साऱ्या जगात गेला, आपल्या केंद्रांतही आला. त्यात आता सुधारणा झाली आहे. तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे हा जुना हिशेब प्रत्येकीला लागू नाही, काहींना जास्त वेळ लागतो, असे २०१८ पासून मानतात. पण मूळ कल्पना तीच : कळा, बाळाचे ठोके, आईची नाडी, डोके किती खाली आले, हे दर थोड्या वेळाने पाहून लिहीत राहायचे. वाट पुरते की नाही ते बाळंतपणच सांगते. फक्त ऐकणारे कुणी जवळ बसलेले हवे.

जवळ बसणारी ती बाई म्हणजे सुईण, शिकलेली सुईण. आपण सुईणीला हातावर तेल घेतलेली म्हातारी समजतो. जगात तसे नाही. इंग्लंडात साधी बाळंतपणे सुईणी करतात आणि डॉक्टरला गरज पडली तरच बोलावतात. आपल्या शेजारच्या श्रीलंकेत सरकारने शिकवलेली, नोंदलेली सुईण गावोगाव नेमली आणि मातांचे मरण कसे खाली आले ते जगाने पाहिले. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०१८ साली ठरवले, की नर्सबाईंना दीड वर्षाचे खास शिक्षण देऊन सुईणकामाच्या नर्स तयार करायच्या. अजून त्या सगळीकडे पोचलेल्या नाहीत. तुमच्या जिल्ह्यात कुठल्या रुग्णालयात आहेत, ते आशाताईला विचारा. नसतील तर ज्या केंद्रात कळांच्या वेळी नर्सबाई बाळंतिणीजवळ थांबते, ते केंद्र निवडा. एकाच सुईणीने सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले, तर आपोआप मोकळ्या होणाऱ्या बायका जास्त आणि चिमटा लावण्याची, खाली कापण्याची वेळ कमी, असे निरनिराळ्या देशांतल्या सतरा हजारांवर बायकांच्या अभ्यासांतून २०१६ साली दिसले. शिवाय त्याच वर्षापासून सरकारी दवाखान्यात कळांच्या वेळी एक नातलग बाई सोबत ठेवायला केंद्र सरकारची परवानगी आहे. पुष्कळांना हे माहीतच नसते. आग्रहाने सांगा.

आणि आनंदीबाई जोशी आठवा. चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, बाळ दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून अमेरिकेला जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधाचा विषयही आपल्या प्राचीन सुईणशास्त्राचाच घेतला होता. हे काम हलके नाही, हे त्या बाईने तेव्हाच ओळखले होते.

धारणी तालुक्यात आलात तर बैरागडचे नाव ऐकू येईलच. डॉ. रवींद्र कोल्हे, मूळचे शेगावचे, आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता कोल्हे तिथे १९८०च्या दशकापासून राहिले. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. त्यांचे पहिले बाळंतपण बैरागडलाच झाले, बाळ जन्मल्यावर फार आजारी पडले, अकोल्याला न्या असे लोक सांगू लागले, तेव्हा गावातल्या इतर बाळांसारखेच याचेही इथेच होऊ दे, असे स्मिताताईंनी ठरवले आणि बाळ वाचले, असे त्यांच्याविषयी लिहिले गेले आहे. त्यांच्या धैर्यापुढे मी हात जोडते. पण तुम्ही-आम्ही त्याची नक्कल करू नये. त्यांच्या घरात दोन डॉक्टर होते. धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव यांची 'महान' संस्था १९९८ पासून आहे. तिथे गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी आई-बाळाकडे पाठवतात. तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दायांना आणि आरोग्यदूतांना सोबत घेऊन नवजात बाळांचे मरण किती कमी करता येते ते १९९९ साली जगापुढे मांडले. म्हणजे दाईला हाकलायचे नाही, तिच्या हाताला साबण, घड्याळ आणि गाडीचा नंबर द्यायचा.

मैत्रिणीने निघताना एक गोष्ट बजावून सांगितली, ती तशीच देते. कळा मंदावल्या म्हणून गावात कुणी 'कळा वाढवायचे इंजेक्शन' टोचतो म्हणाला, तर त्याला दारातून परत पाठवा. म्हशीला पान्हा सोडायला काही लोक चोरून टोचतात, तेच ते ऑक्सिटोसिन. रुग्णालयात ते थेंब मोजून, ठोके पाहून देतात. घरी टोचले आणि वाट खरोखरच अडलेली असली, तर पिशवी फाटते. तिने अशी बाई पाहिली होती. पुढे ती बोलली नाही.

परतताना मी अमरावतीला उतरले आणि मुद्दाम डफरीनच्या फाटकाशी उभी राहिले. १०८ची गाडी आत शिरत होती. गाडीबरोबर आलेल्या म्हातारीला विचारले. चिखलदऱ्याकडची होती. सून उंच, धट्टीकट्टी, दुसरेपणाची. पहिले सहज झाले होते. या वेळी बाळाचे तोंड वर फिरलेले, डोके उतरेना. केंद्रातल्या नर्सबाईने कागदावरची रेघ पाहून वेळेत गाडी बोलावली. तासाभरात सिझेरियन झाल्याचे कळले, आई-बाळ ठीक. सरकारी रुग्णालयात २०११ पासून बाळंतपण, सिझेरियन, औषध, रक्त आणि ने-आण यांचे पैसे लागत नाहीत, म्हणून त्या घरची बैलजोडी दावणीलाच राहिली. सिझेरियनला शत्रू समजू नका. आपल्या राज्यात २०१९-२१च्या पाहणीत शंभरातली पंचवीस बाळंतपणे सिझेरियनने झाली. देशभरात सरकारी दवाखान्यांत ते प्रमाण शंभरात चौदा आणि खासगीत सत्तेचाळीस. सरकारी दारातली आणि खासगी दारातली हाडे काही वेगळ्या मापाची नसतात. त्या आकड्यांवर तुम्हीच विचार करा.

अमरावतीहून अकोल्याची गाडी धरली. याच रस्त्यावर लोणीपासून मानापर्यंत ७५ किलोमीटर डांबर जून २०२२ मध्ये पाच दिवसांत टाकून गिनीज बुकात नाव लागले. गाडी अशी पळते की पाणी हलत नाही. पण मूर्तिजापूरपासून आत, काळ्या मातीतल्या पांदण रस्त्याला वळा. पावसाळ्यात चाक नाभीपर्यंत जाते. गावाने बाळंतिणीसाठी काही ठरवायचे असेल तर त्या पांदणीवर मुरूम टाकण्यापासून ठरवावे.

पोरीचे सांगायचे राहिले. आम्ही तारीख घेतली नाही. नवव्या महिन्यात अकोल्याला नेऊन लेडी हार्डिंगला नाव घातले आणि जवळच नातलगांकडे ठेवले, म्हणजे आमचे आपले माहेरघरच. पहाटे कळा सुरू झाल्या. वहिनी आत, मी बाहेर. पोर चालली, बसली, वाकली, ओरडली. सायंकाळी पाचच्या सुमारास एकदा सगळे थांबल्यासारखे झाले, आणि शस्त्रक्रियेच्या कागदावर सही लागेल म्हणून भावाला जवळ राहायला सांगितले. भाऊ पेन घेऊनच उभा होता. नर्सबाईने पोरीला कुशीवर वळवले, मग गुडघ्यांवर बसवले. सात वाजून गेल्यावर मुलगी झाली. दोन किलो नऊशे ग्रॅम.

बाळाचे डोके लांबट झाले होते, दुधी भोपळ्यासारखे. वहिनी घाबरली. तिची आई आली होती, तिने तेलाचा हात घेतला आणि डोके दाबून गोल करायला बसली. नर्सबाईने तिचा हात अलगद धरला. "आजी, राहू द्या. वाटेतून येताना झालं ते. दोन-चार दिवसांत आपलं आपण गोल होते." तिसऱ्या दिवशी आम्ही गावी निघालो तेव्हा झाले होते.